चिमाजीशेठच्या गाडीची शिवण

खुर्शिदाला राग यायला फार काही लागत नसे. कुणी तिच्यापुढं कच्ची शिवण धरली तरी पुरे होतं.

कामथडीला हायवेच्या कडेला तिचं आणि शफीचं गाड्यांच्या कुशनचं दुकान होतं. पाटीवर नाव शफीचं. मशीनवर बसणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा, चहा सांगणारा तोच. पण चामड्याचं, हातशिलाईचं काम आलं की ते मागच्या खोलीत खुर्शिदाकडं जायचं. तिचे वडील भोरला टांग्यांच्या गाद्या आणि घोड्यांचं सामान शिवायचे. माणूस ज्यावर बसतो ती शिवण उसवली तर दोष शिवणाऱ्याचा, रस्त्याचा नाही आणि बसणाऱ्याच्या वजनाचाही नाही, असं त्यांनी लहानपणीच तिच्या डोक्यात भरलं होतं. त्यामुळं कुठलीही शिवण झाली की खुर्शिदा तिच्यावरून मेण लावलेल्या जाड दोऱ्याची दुसरी टीप घालायची. कुणी सांगो न सांगो. या दुसऱ्या टिपेवर त्या दुकानाचं नाव चाललं होतं, आणि ते शफीपेक्षा गिऱ्हाइकांना जास्त चांगलं माहीत होतं.

वरवे बुद्रुकचा चिमाजी हे त्यातलंच जुनं गिऱ्हाईक. त्याचा टेम्पो होता तेव्हा त्याची सीट खुर्शिदानं शिवली होती, आणि नऊ वर्षं ती जागची हलली नव्हती. पुढं त्याची जमीन कारखान्याला गेली, टेम्पो गेला, चिमाजीचा चिमाजीशेठ झाला आणि दोन हजार चारच्या संक्रांतीला दारात एक लांबलचक काळी गाडी आली. परदेशी बनावटीची, मुंबईच्या कुणा व्यापाऱ्यानं चार वर्षं वापरून विकलेली. पळायला अशी की पाय नुसता टेकवला तर पाठ गादीत रुतायची. पण चिमाजीला तिच्या पळण्यापेक्षा तिच्या आतल्या थाटाचं कौतुक जास्त. बटण दाबलं की सीट मागं सरकते, दुसरं दाबलं की कमरेखालचा भाग फुगतो, तिसरं दाबलं की गादी गरम होते. पुढच्या कप्प्यात पाण्याची बाटली गार राहते. मागच्या काचेला आपोआप वर येणारा पडदा. काचा लावल्या की हायवेचा ट्रकसुद्धा ऐकू येत नाही. चिमाजी माणसं दोन दोन करून आत बसवायचा, चपला बाहेर काढायला लावायचा आणि एकेक बटण दाबून दाखवायचा. ज्यांनी तीन वेळा पाहिलं होतं त्यांनाही चौथ्यांदा पाहावं लागे.

या सगळ्यात खरा उपयोग एकीला झाला होता. चिमाजीची बायको फुलाबाई. तिचे गुडघे गेले होते. जीपमध्ये, एस.टी.त पाय दुमडून बसायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून ती चार वर्षांत माहेरी पासलीलासुद्धा गेली नव्हती. या गाडीत पुढची डावीकडची सीट मागं सरकवली की तिचे दोन्ही पाय सरळ व्हायचे. ती जागा तिची ठरून गेली.

एप्रिलमध्ये चिमाजी ती गाडी घेऊन दुकानाशी आला. पासलीहून मेहुण्यानं, रखमाजीनं, आंबेमोहराचं पोतं दिलं होतं. पोत्याचं तोंड शिवलेलं दाभण तसंच सुतळीत राहिलं होतं, आणि चिमाजीनं कौतुकानं पोतं डिकीत न टाकता मागच्या सीटवर माणसासारखं बसवलं होतं. वेल्ह्याच्या वळणांवर पोतं लवंडलं आणि दाभणानं चामडं वीतभर फाडलं. कंपनीवाले म्हणाले, अख्खी सीट बदलावी लागेल, माल बाहेरून येईल, तीन महिने थांबा. पण पुढच्याच महिन्यात रखमाजीच्या पोरीचं लग्न होतं, आणि चिमाजीला गाडी फाटक्या अंगानं पासलीला न्यायची नव्हती.

काम द्यायला आलेल्या माणसानं चार शब्द गोड बोलावेत. चिमाजीनं अटी सांगितल्या. भाभींनी हातपाय धुवावेत, बांगड्या काढून ठेवाव्यात, आणि सीटवर बसू नये, खाली बसून शिवावं. जिनं शिवलेल्या सीटवर तू नऊ वर्षं बसलास तिला सीटवर बसू नको म्हणतोस, हे खुर्शिदाच्या ओठावर आलं होतं. शफीनं डोळ्यांनी दटावलं म्हणून तिनं ते गिळलं, आणि पुढच्या नि मागच्या सीटच्या मधल्या जागेत जाऊन उकिडवी बसली. जागा एवढी ऐसपैस होती की ती, तिचा सुया-दोऱ्यांचा डबा आणि मेणाची वाटी आरामात मावली. हे मात्र तिला मनातून आवडलं आणि आवडल्याचा आणखी राग आला.

फाटलेलं चामडं तिनं असं जुळवलं की चिमाजीला बोट फिरवूनही जागा सापडेना. आणि मग उठता उठता तिची नजर पुढच्या सीटच्या कडेला गेली. दाराच्या बाजूला, पाठीच्या उंचीवर एक उभी शिवण होती. बाकी सगळ्या सीटवर कशी घट्ट, नेटकी शिलाई. इथं मात्र दोरा बारीक, टाके विरळ. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. दोरा कच्चा होता. दुसऱ्या सीटला पाहिलं, तिथंही तसाच.

तिचा पारा चढला. एवढी किंमत घ्यायची, गादी गरम करून द्यायची, पाणी गार करून द्यायचं, आणि माणूस दिवसातून दहा वेळा अंग घासून उतरतो त्या कडेला पाच पैशांचा दोरा वाचवायचा? तिला ती सरळ सरळ फसवणूक वाटली. तिनं वाकडी सुई घेतली, जाड दोऱ्याला दोनदा मेण लावलं आणि दोन्ही सीटच्या त्या शिवणीवरून आपली पक्की टीप घातली, जुन्या दोऱ्याला धक्का न लावता. शिवणीत इंग्रजी अक्षरं लिहिलेली कापडाची चिमुकली पट्टी मधे येत होती. कंपनीचं नाव असेल म्हणून तिनं ती सफाईनं आत दुमडून टाकली. या कामाचं तिनं काही मागितलं नाही.

चिमाजीनं हे ऐकलं आणि तो हरखला. कंपनीची चूक आमच्या भाभींनी दुरुस्त केली, असं त्यानं वरव्यापासून नसरापूरपर्यंत सांगितलं. त्याच्या बटणांच्या यादीत ती शिवण सगळ्यात शेवटी जाऊन बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, खुर्शिदाचा धाकटा भाऊ हाशिम आला. तो पुण्याला एका गॅरेजात कामाला होता, जिथं ठोकरलेल्या भारी गाड्या येतात. जेवताना बोलण्यातून बोलणं निघालं आणि खुर्शिदानं परदेशी कंपन्यांच्या कच्च्या दोऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली. हाशिमचा घास हातात राहिला.

"आपा, कुठली शिवण?" त्यानं विचारलं. "दाराकडची? तिथं छोटी पट्टी होती का?"

होती, ती म्हणाली, आणि मी आत दुमडली.

हाशिमनं हात धुतला आणि समोरच्या कुशनवर दाखवत सांगितलं. त्या कडेच्या आत एक पिशवी, एअरबॅग म्हणतात ती, घडी घालून ठेवलेली असते. गाडीला बाजूनं जोरात धडक बसली की पापणी लवायच्या आत ती फुगते, ती कडेची शिवण फाडून बाहेर येते आणि दार नि माणूस यांच्या मधे उभी राहते. म्हणून तो दोरा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. पट्टीवर तेच लिहिलेलं असतं. शिवण फाटली नाही तर पिशवी वेळेवर बाहेर येणार नाही, किंवा भलतीकडून फुटेल. वरून जाड कव्हर चढवलेली अशी एक गाडी त्याच्याकडं आली होती. त्या गाडीतल्या माणसाचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि खुर्शिदानंही विचारलं नाही.

पहिल्यांदा ती संतापलीच. तुटण्यासाठी शिवण घालायची, ही कुठली पद्धत? आणि घातली तर मग चारचौघांना कळेल असं लिहायला काय झालं होतं? चित्र काढायचं होतं. बोटभर पट्टीवर इंग्रजीत लिहून ठेवलं म्हणजे कामथडीच्या बाईनं ते वाचावं? पण हे बोलता बोलताच तिला त्या सीटवर पाय लांब करून बसलेली फुलाबाई दिसली. कंपनीनं लिहिलं तरी होतं. लिहिलेलं आत दुमडणारे हात तिचे होते.

तिनं शफीला चिमाजीचा मोबाईल लावायला लावला. लागला नाही. सगळी मंडळी हळदीलाच पासलीला गेली होती आणि त्या डोंगरात रेंज कुठली.

शफीचं म्हणणं वेगळं होतं. चार महिन्यांत गाडीला साधा ओरखडा नाही. उद्याचं लग्न होऊ दे, आठवड्यानं काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवू, गुपचूप दोरा काढू. आपणच जाऊन सांगितलं तर चिमाजी जसं नाव करत फिरला तसाच बदनामी करत फिरेल, आणि मग हायवेवरची एक गाडी दुकानाशी थांबणार नाही.

"आठवड्यानं," खुर्शिदा म्हणाली. "आन् त्या बाईला तवर काय सांगू? आठवडाभर धडकू नगा म्हणून?"

शफीनं पान लावायला घेतलं. अशा वेळी तो नेहमी पान लावायला घ्यायचा, आणि तिला त्या डब्याच्या आवाजाचाही राग यायचा.

सकाळी ती नसरापूरहून एस.टी.नं वेल्ह्याला आणि तिथून जीपनं पासलीला गेली. पदराखाली पिशवी, पिशवीत पातं आणि वाकडी सुई. हाशिमनं बजावलं होतं: आधी बॅटरीची तार काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मगच दोऱ्याला हात लावायचा. फक्त तुझा दोरा काढ, आतल्याला हात लावू नको, आणि नंतर गाडी कंपनीकडं दाखवायला सांग.

अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. गाडी मांडवाच्या तोंडाशीच उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली, आणि चिमाजी फेटा बांधून व्याह्यांकडच्या चार माणसांना आत काय काय आहे ते दाखवत होता. खुर्शिदा पोचली तेव्हा तो नेमका पुढच्या सीटच्या कडेवरून बोट फिरवत होता. तिला पाहताच त्याचा चेहरा खुलला.

"ह्याच त्या भाभी," तो म्हणाला. "कंपनीला जमलं न्हाई ते ह्यांनी केलं."

तिला त्याला बाजूला घ्यायचं होतं. तो बाजूला यायला तयार नव्हता. कौतुक चारचौघांतच व्हायला हवं होतं. शेवटी तिनं चारचौघांतच सांगितलं. पिशवी सांगितली, धडक सांगितली, पट्टी सांगितली, चूक माझी आहे हेही सांगितलं, आणि आत्ता इथंच दोरा काढून देते म्हणाली.

चिमाजी आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. पाहुण्यांतला एकजण म्हणाला की म्हणजे गाडीला ठिगळ लावलंय होय. ते चिमाजीला लागलं आणि तो खुर्शिदावर उखडला. लग्नाच्या मांडवात, अक्षता वाळल्या नाहीत तोवर, गाडी ठोकायच्या गोष्टी करतेस? नवरा-नवरीला त्याच गाडीतून देवीला न्यायचंय, आणि तू दारात उभी राहून धडक धडक म्हणतेस? मागून दोन-चार बायकांनीही हं हं केलं. रखमाजी येऊन हात जोडून म्हणाला, बाई, जेवून घ्या, पण हे बोलणं इथं नको.

बोललं की वाईट होतं आणि गप्प राहिलं की चांगलं होतं, असं या लोकांना खरंच वाटतं का? खुर्शिदाला ओरडावंसं वाटलं. पण तिला ज्या माणसाशी बोलायचं होतं ते माणूस मांडवाच्या खांबाला टेकून, पाय लांब करून बसलेलं होतं. ती सरळ फुलाबाईपुढं जाऊन बसली.

"वैनी, तुमी बसता त्या जागंला म्या चुकीचं शिवलंय," ती म्हणाली. "ते उसवल्याबिगार तिथं बसू नगा. माझं नाव गेलं तरी चालंल."

फुलाबाईनं तिला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. मग तिनं नवऱ्याला हाक मारली आणि दोरा काढू द्या म्हणाली. चिमाजी म्हणाला, आज गाडीला पातं लागणार नाही. एकदा पक्कं झालेलं कच्चं करून घ्यायला मी खुळा नाही, आणि लोकांपुढं तर नाहीच.

"मग मी एस.टी.नं येती," फुलाबाई म्हणाली.

आणि ती खरोखर उठली. नवरा-नवरीला देवीला न्यायला रखमाजीनं मुकाट्यानं गावातली जीप बोलावली. जिची शिवण काढू द्यायची नाही म्हणून चिमाजी भांडला, त्या गाडीत वऱ्हाडातलं कुणी बसायला तयार होईना. मघाशी हं हं करणाऱ्या बायकांनी आपली पोरं आधी त्या गाडीपासून लांब ओढली. धडकेचं बोलणं अशुभ होतं, तरी ऐकलं मात्र सगळ्यांनी नीट होतं.

दुपारची एस.टी. भरलेली होती. कंडक्टरनं फुलाबाईला कशीबशी खिडकीशी जागा करून दिली, पण पुढच्या बाकाचा लोखंडी दांडा तिच्या गुडघ्यांना टेकत होता. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून घेई. खुर्शिदा शेजारी उभी होती आणि तिला रडू येत होतं, चिमाजीवरच्या रागानं आणि स्वतःवरच्या रागानं. जिला चार वर्षांनी पाय लांब करायला जागा मिळाली होती तिला आपणच पुन्हा या दांड्यापाशी आणून बसवलं. ती तसं म्हणालीही. फुलाबाई म्हणाली, तू गप ऱ्हा, खड्डे मोज.

वेल्हं सुटलं तेव्हा मागच्या बाकावरची माणसं हसायला लागली. खुर्शिदानं वाकून पाहिलं. एस.टी.च्या मागं ती काळी गाडी येत होती. दोनशेच्या पुढं पळणारी, झेंडूच्या माळा घातलेली, एकट्या चिमाजीला घेऊन, डावीकडची सीट रिकामी. एस.टी. थांब्यावर थांबली की ती थांबे. माणसं चढत-उतरत, कोंबडीचं खुराडं वर टाकलं जाई, आणि ती गाडी धुरळा खात मागं उभी राही. मार्गासनीला ड्रायव्हरनं हात काढून पुढं जायची खूण केली. गाडी पुढं गेली नाही.

नसरापूरला उतरून दोघी रिक्षानं कामथडीला आल्या. मागोमाग गाडी येऊन दुकानाशी थांबली. शफी पानाचा डबा हातात घेऊन उभाच राहिला. चिमाजी उतरला. त्यानं डिकी उघडली, तिच्यातली सतरंजी उचलली, खालची बॅटरी दाखवली आणि दोन्ही पुढची दारं सताड उघडून हायवेकडं तोंड करून उभा राहिला. फेटा अजून डोक्यावर होता.

शफीनं तार काढली. मग दहा मिनिटं थांबायचं होतं. त्या दहा मिनिटांत खुर्शिदाला जे जे बोलायचं होतं ते सगळं तिनं मनात जुळवलं. मांडवातला अपमान, ठिगळ, सीटवर बसू नको म्हणालास ते, तुझ्या हट्टापायी त्या बाईचे गुडघे सुजले ते. मग तिनं पाहिलं की चिमाजी पाठ फिरवून फेट्याचा सुटलेला शेव पुन्हा पुन्हा खोचतोय, आणि फुलाबाई बाकावर बसून त्याच्याकडं बघतेय. तिला त्याची दया आली नाही. पण बोलायचं राहून गेलं.

दहा मिनिटं झाल्यावर ती सरळ जाऊन डाव्या सीटवर बसली. हातपाय धुतले नाहीत, बांगड्या काढल्या नाहीत. तिनं पट्टी आधी बाहेर ओढून मोकळी केली. मग आपला एकेक टाका पात्यानं कापला आणि दोरा ओढून काढला. मेणाचा दोरा सुटता सुटत नव्हता; तो इतका पक्का बसला होता की तिच्या बोटाला चिरा पडल्या. आतला बारीक दोरा जसाच्या तसा होता. मग ती पलीकडं जाऊन चिमाजीच्या सीटवर बसली आणि तिथंही तेच केलं. काढलेला दोरा तिनं मुठीत गोळा केला. जन्मात पहिल्यांदा ती एक शिवण कच्ची सोडून उठत होती.

कंपनीत दाखवून घ्या, ती म्हणाली, उद्याच. चिमाजीनं मान हलवली. फुलाबाई शफीच्या हाताला धरून गाडीत बसली, बटण दाबलं, सीट मागं गेली आणि तिनं पाय लांब केले. चिमाजी आपल्या दारापाशी घुटमळला. त्यानं त्या कडेवरून बोट फिरवलं, मघाशी मांडवात फिरवत होता तसंच.

"म्हंजी आता कच्ची झाली म्हना," तो खाली बघत म्हणाला.

"व्हय," खुर्शिदा म्हणाली. "आता कच्ची हाय. बिनघोर बसा."